भूविज्ञानाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात उन्हाळी संशोधन : गोव्यातून सुरुवात कशी करावी

बी.एस्सी.च्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात भूविज्ञान शिकणारा विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत संशोधन करता येईल का, अशी चौकशी करू लागला, की त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : तिसऱ्या वर्षी या, नाहीतर एम.एस्सी.ला आल्यावर बघू. हे उत्तर देणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचे थिन सेक्शन (काचेवर चिकटवलेला पारदर्शक पातळ काप) अजून पाच-पंचवीस वेळाही पाहिलेले नाही, त्याला दोन महिन्यांत शिकवायचे काय आणि त्याच्याकडून काम करून घ्यायचे काय, हा शास्त्रज्ञापुढचा खराखुरा प्रश्न असतो. गोव्यातील पदवीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मी काही वर्षे मदत करीत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या वयात मोठ्या संस्थेच्या दारापाशी ताटकळण्यापेक्षा घराजवळचा एखादा लहान, मोजता येण्याजोगा प्रश्न हाती घ्यावा. त्या कामाची नोंदवही काखेत असली, की तेच दार पुढच्या खेपेला बरेच हलके होते.

सुटी मेमध्ये, तयारी चवथीनंतर

उन्हाळ्यातले काम उन्हाळ्यात शोधायला निघणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी हात हलवत परत जातात. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन अकादम्या मिळून जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतच मागवले जातात. दोन महिन्यांच्या या शिष्यवृत्तीत पृथ्वी व ग्रहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. अर्जासोबत गुणपत्रिका, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि आपल्याला काय शिकायचे आहे याविषयीचे छोटे टिपण द्यावे लागते. कोणत्या वर्षाचे विद्यार्थी पात्र आहेत, हे मात्र त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावे. वरच्या वर्गातील मित्राच्या आठवणीवर विसंबून राहू नये.

आपल्याकडे चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, की अभ्यासाला पुन्हा लागण्यापूर्वी चार दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत टिपणाचा पहिला खर्डा लिहून शिक्षकांना दाखवावा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास अर्ज भरताना घाई होत नाही. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांगावे आणि आपण त्यांच्या कोणत्या प्रात्यक्षिकात काय केले होते, हे एका कागदावर लिहून द्यावे. साठ मुलांच्या वर्गातील एकाविषयी दोन परिच्छेद लिहायचे तर त्यांनाही काही आधार हवा असतो. गोव्यातीलच संस्थांना पाठवायची पत्रे जानेवारीत जावीत, आणि वनखाते किंवा जमीनमालक यांच्या परवानग्या शिमग्यापूर्वी हाती याव्यात. मेमध्ये परीक्षा संपल्यावर आपल्या हाती प्रत्यक्ष कामाचे पाच-सहाच आठवडे उरतात, कारण मृग लागला की रानात झाडोरा माजतो, ओहोळ भरतात आणि मोकळा दिसणारा खडक शेवाळाखाली जातो.

प्रश्न कुठे सापडतो

गोवा लहान आहे, आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा मोठाच फायदा आहे. अनमोड घाटात तीन अब्ज वर्षांहून जुना नाइस (उष्णता आणि दाबाने पट्टेदार झालेला खडक) आहे, काणकोणात गुलाबी-करडा ग्रॅनाइट आहे, सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टची कड येऊन थांबते, आणि या सगळ्यांच्या दरम्यान धारवाड या अतिप्राचीन काळातील गोवा समूहाचे बार्से, सावर्डे, डिचोली आणि वागेरी हे चार थरसमूह पसरलेले आहेत. दोनापावलाला लाटा ज्या काळसर खडकावर आपटतात, तो मेटाग्रेवॅक (उष्णता आणि दाबाने बदललेला मातकट वालुकाश्म) आहे, आणि तो पाहायला पणजीहून अर्धा तास पुरतो. यांतले कोणतेही ठिकाण ‘कदंबा’च्या सरकारी बसने एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येते. दुसऱ्या राज्यातील विद्यार्थ्याला यासाठी तंबू घेऊन निघावे लागले असते.

तरीही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने नाइसच्या वयासारखा प्रश्न घेऊ नये, असे मी सुचवेन. त्याला लागणारे समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) मोजमाप आपल्या आवाक्याबाहेरचे असते, आणि मग विद्यार्थी दोन महिने इतरांचे लेख वाचून त्यांचा सारांश लिहितो. वाचन चांगलेच, पण त्याला उन्हाळी संशोधन म्हणता येत नाही. प्रश्न असा निवडावा, की ज्याचे उत्तर स्वतःच्या हाताने घेतलेल्या पन्नास-शंभर मापांतून निघू शकेल. गोव्यात असे प्रश्न जांभ्यात, पाण्यात आणि वाळूत भरपूर आहेत.

जांभ्याचेच घ्या. या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील अंगाडीपुरमच्या दगडावरून दिले, पण आपल्या घरांच्या भिंतींत तो चिरा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आहे. चिरेखाणीची उभी भिंत म्हणजे निसर्गाने उघडून ठेवलेला छेदच असतो. वर कठीण कवच, खाली भोके पडलेला मऊ जांभा, त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती आणि नशीब असेल तर तळाशी कुजलेला मूळ खडक दिसतो. प्रत्येक थराची जाडी टेपने मोजणे, रंग एकाच रंगतक्त्याशी ताडून लिहिणे, भोकांचा आकार पट्टीने मोजणे आणि चिरा कोरडा असताना व चोवीस तास पाण्यात बुडवून काढल्यावर त्याचे वजन करणे, एवढ्यावर एक नेटका प्रकल्प उभा राहतो. त्यातून निघणारा प्रश्नही साधा असतो : एकाच खाणीतील वरचा चिरा आणि खालचा चिरा किती पाणी पितो? गवंड्याला याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. आपण त्याला आकडा द्यायचा.

तेच पाणी पुढे विहिरीत आणि झरीत दिसते. पर्वरी, वेर्णा किंवा ताळगावच्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून खाली उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतो. वेर्ण्याजवळची केसरवाळची झर अनेकांनी पाहिलेली असते, पण ती सड्याच्या नेमक्या त्या उंचीवरच का फुटते, हा प्रश्न विचारलेले विद्यार्थी मला कमीच भेटले. आपल्या वाड्यावरील दहा-बारा विहिरी निवडून मे महिन्यात त्यांतील पाण्याची खोली मोजावी. वजन बांधलेली टेप कठड्यावरून सोडून जे माप येते, त्यातून कठड्याची उंची वजा करायला विसरू नये. हे न केल्यामुळे दोन शेजारच्या विहिरींत एका मीटरचा खोटा फरक पडलेला मी पाहिला आहे. केंद्रीय भूजल मंडळाचीही आपल्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा होते आणि त्यांतील एक पावसाळ्यापूर्वीची असते, त्यामुळे तुमच्या आकड्यांना तुलनेसाठी सोबत मिळते. पाण्याची विद्युतवाहकता (पाणी जितके खारे, तितकी ती अधिक) मोजणारे हातातले छोटे यंत्र महाविद्यालयात बहुधा असते. त्यामुळे मांडवी-जुवारीच्या काठची खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते), त्यांचे बांध आणि मानशी (बांधातील पाण्याची दारे) यांच्या आसपासच्या विहिरींत खारेपणा किती आत शिरला आहे, हेही त्याच फेरीत पाहता येते. पीएच मोजणार असाल तर यंत्र रोज सकाळी ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्यावे आणि तसे लावल्याची नोंद वेळेसह लिहावी. परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

दोन काठ्यांनी किनारा मोजणे

एकाच प्रकल्पाविषयी सविस्तर सांगायचे, तर मी किनाऱ्याच्या छेदाविषयी, म्हणजे वाळू समुद्राकडे कशी उतरत जाते याच्या मोजणीविषयी, सांगेन, कारण त्याला खर्च जवळपास नाही आणि गोव्यात त्याचे फळ डोळ्यांदेखत दिसते. के. ओ. एमरी या भूवैज्ञानिकाने १९६१ मध्ये ही पद्धत मांडली. सारख्या लांबीच्या, समजा दीड-दीड मीटरच्या, दोन सरळ काठ्या घ्याव्यात आणि त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. बांबूही चालतो, फक्त तो वाकडा नसावा. दोन्ही काठ्यांना दीड मीटरची न ताणणारी दोरी बांधावी, म्हणजे अंतर दरवेळी तेवढेच राहते.

सुरुवातीचा बिंदू पक्का हवा. माडाचे झाड चालत नाही, कारण ते पुढच्या वर्षी असेलच असे नाही. संरक्षक भिंतीचा कोपरा किंवा काँक्रीटचा खांब निवडावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत. तिथून ओहोटीच्या वेळी समुद्राकडे सरळ रेषेत निघायचे. एकाने जमिनीकडची काठी धरायची, दुसऱ्याने समुद्राकडची. दोन्ही काठ्या उभ्या ठेवून मागच्याने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे, आणि ती रेषा स्वतःच्या काठीला वरून किती सेंटिमीटरवर कापते ते वाचायचे. जेवढे माप येईल, तेवढी वाळू त्या दीड मीटरमध्ये खाली उतरली. मधेच पुळणीला चढ लागला आणि पुढची काठी उंच झाली, तर मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचे, पुढच्या काठीवर माप वाचायचे आणि ते अधिक चिन्हाने लिहायचे. मग मागची काठी पुढच्या काठीच्या नेमक्या खुणेवर येते आणि पुढची दीड मीटर सरकते. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत हे करीत जायचे आणि तिथे थांबायचे.

सगळ्या मापांची बेरीज करून आलेख काढला, की किनाऱ्याची कूस कागदावर उतरते. एप्रिलपासून दर आठवड्याला मिरामार, कोलवा किंवा आपल्या गावचा किनारा असा मोजत गेल्यास मेअखेरपर्यंत आलेख जवळजवळ एकावर एक बसतात आणि विद्यार्थ्याला वाटते, की आपण वेळ वाया घालवला. मग जूनचा पहिला मोठा पाऊस येतो, लाटा उंच होतात आणि एका आठवड्यात आलेखाची वरची कड खाली बसते. पावसाळी लाटा वाळू ओढून किनाऱ्यापासून समुद्रात आत नेतात, आणि पाऊस ओसरल्यावर शांत लाटा तीच हळूहळू परत आणतात. हे पुस्तकातले वाक्य स्वतःच्या आलेखावर उमटलेले पाहणे, हा या प्रकल्पाचा सगळा मोबदला. जून लागल्यावर मात्र पाण्याजवळ जाऊ नये. जीवरक्षक लाल झेंडे लावतात ते पर्यटकांसाठी, असे समजणारे आपलेच विद्यार्थी असतात. तेव्हा कोरड्या भागापुरता छेद घ्यावा आणि नोंदवहीत तसे लिहावे.

कणांचा आकार पाहण्यासाठी छेदासोबत तीन ठिकाणची वाळूही घेता येते. ती आधी गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर सुकल्यावर मिठाचे वजन वाळूच्या वजनात मिसळते. मग सुकवून, ढीग करून त्याचे चार भाग पाडत समोरासमोरचे दोन ठेवत जावे आणि सुमारे १०० ग्रॅम उरली की चाळण्यांच्या चळतीवर घालावी. याच टप्प्यावर माझ्याकडून विद्यार्थिदशेत झालेली एक चूक सांगतो. मी नमुन्यांचे क्रमांक बॉलपेनने कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या ओल्या वाळूतच टाकल्या होत्या. घरी येईपर्यंत अकरापैकी सात चिठ्ठ्यांवर निळे डाग तेवढे उरले, आणि दोन दिवसांचे काम समुद्राला परत द्यावे लागले. तेव्हापासून पिशवीवर पक्क्या मार्करने क्रमांक आणि आत वेगळ्या लहान पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, असा माझा नियम आहे. पेन्सिलचे अक्षर पाण्याने जात नाही.

संस्थेला पत्र कसे लिहावे

एवढे काम हाती असले, की संस्थांकडे वळावे. गोव्यात भूविज्ञानाशी संबंधित तीन मोठी ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात आहेत, ही चैन देशातील थोड्याच विद्यार्थ्यांना मिळते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचे पृथ्वी, महासागर आणि वातावरण विज्ञान संकुल आहे. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जी १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली आणि जिचा जन्म १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून झाला. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरूनच निघाली होती. आज या केंद्रात ध्रुवावरून आणलेले बर्फाचे गाभे (खोलवर छेदून काढलेले दंडगोल) उणे २० अंश सेल्सिअसला जपून ठेवले जातात.

या संस्थांतील शास्त्रज्ञांना रोज अशी पत्रे येतात, आणि त्यांतील बहुतेक एकाच साच्यातली असतात : मला संशोधनाची अतिशय आवड आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करायला मी तयार आहे. ‘कोणत्याही विषयावर’ हे शब्द वाचले, की वाचणाऱ्याचे बोट पुढच्या पत्राकडे जाते. तेच पत्र चाळीस जणांना एकदम पाठवले असेल आणि सगळ्यांचे पत्ते वर दिसत असतील, तर बोलायलाच नको. त्याऐवजी दोन किंवा तीन शास्त्रज्ञ निवडावेत, त्यांचा निदान एक लेख पूर्ण वाचावा आणि त्यातील न समजलेली एखादी गोष्ट टिपून ठेवावी.

पत्र इंग्रजीत लिहावे लागते, पण त्यातला मजकूर साधारण असा असावा : ‘आदरणीय मॅडम, मी मडगाव येथे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात भूविज्ञान हा मुख्य विषय घेऊन शिकते. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मी कोलवा किनाऱ्याचा एकाच ठिकाणचा छेद दर पंधरा दिवसांनी मोजला आहे, आणि त्या आठ छेदांचा आलेख सोबत जोडला आहे. डिसेंबरपर्यंत वाळूची भर पडताना दिसते, जानेवारीतील दोन छेदांत ती थांबलेली दिसते. कणांचा आकारही याच काळात बदलला का, हे मला पाहायचे आहे, पण चाळण्यांच्या कामाची मला सवय नाही. १० मे ते १५ जून या काळात रोज येऊन मी हे काम आपल्या प्रयोगशाळेत शिकू शकेन का? विद्यावेतनाची अपेक्षा नाही. महाविद्यालयाचे पत्र आणि विम्याची कागदपत्रे आणू शकेन.’ एवढेच. यात आवड हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी ती दिसते.

उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एक ओळीचे स्मरणपत्र पाठवावे. तेही अनुत्तरित राहिले, तर राग न धरता पुढच्या नावाकडे जावे. विभागप्रमुखांमार्फत गेलेल्या पत्राला वजन अधिक असते. धेंपे किंवा चौगुले यांसारख्या भूविज्ञान विभाग असलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी म्हणूनच आधी आपल्या शिक्षकांना विचारावे, कारण त्यांचे जुने विद्यार्थी याच संस्थांत कुठे ना कुठे काम करीत असतात.

जागा मिळाली, की पहिल्या दिवशी मिळणारे काम कंटाळवाणे असेल, हे गृहीत धरावे. समुद्रतळाचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुणे, तो सुकवणे आणि मग द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक, किंचित ओल्या कुंचल्याने फोरॅमिनिफेराची (एकपेशीय सागरी जीवांची) वाळूच्या कणाएवढी कवचे एकेक करून वेचणे, हे अशा प्रयोगशाळांतील नवख्याचे ठरलेले काम आहे. एका नमुन्यातून साधारण ३०० कवचे वेचण्याचा रिवाज आहे, आणि पहिल्या आठवड्यात त्याला अख्खा दिवस लागतो. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. पण तिसऱ्या आठवड्यात दोन जाती नुसत्या नजरेने वेगळ्या कळू लागतात, आणि हे कसब कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही. उलट, माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याला एका ठिकाणी सहा आठवडे फक्त खोक्यांवर लेबले चिकटवायला बसवले होते. तशी वेळ आली, तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांना नम्रपणे विचारावे, की या नमुन्यांपैकी एकावर मला स्वतः काही मोजता येईल का. बहुतेक जण हो म्हणतात. त्यांना तोवर ते सुचलेलेच नसते.

पैसे, दाखले आणि बाहेरच्या योजना

बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या १ टक्क्यात असल्यामुळे ज्यांना विज्ञान शिकण्यासाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. प्रकल्पाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र त्यासाठी द्यावे लागते. म्हणजे या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी उन्हाळी प्रकल्प करण्याचे सबळ कारण आहे, आणि मार्गदर्शकाकडे जाताना ते तसे सांगूही शकतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत इंटर्नशिपलाही श्रेयांक (क्रेडिट) आहेत. आपले उन्हाळी काम त्यात धरले जाईल का आणि त्यासाठी तासांची नोंद कोणत्या नमुन्यात हवी, हे काम सुरू होण्यापूर्वीच महाविद्यालयात विचारावे, कारण जुलैमध्ये मागच्या तारखेची सही मिळत नाही.

परदेशी योजनांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आर.ई.यू. या, पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या योजनेत भूविज्ञानाचे सुंदर उन्हाळी प्रकल्प असतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही त्यांत घेतले जातात, पण तिचा निधी त्या देशाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक ही १२ आठवड्यांची योजना भारतीयांना खुली असते, मात्र ती पदवीच्या उत्तरार्धातील विद्यार्थ्यांसाठी आहे. तूर्त या दोन्ही नावांची नोंद करून ठेवावी आणि वेळ घरच्या कामाला द्यावा. देशात डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांची संकेतस्थळे जानेवारीपासून अधूनमधून पाहावीत. शुल्क घेऊन ‘संशोधनाचे प्रमाणपत्र’ घरपोच देणाऱ्या जाहिराती अलीकडे मोबाइलवर फार दिसतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

घरच्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येणारा सल्ला म्हणजे सुटीत खाणीवर जा. पूर्वी डिचोली-सावर्ड्याकडे तो व्यवहार्य होता. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, आणि पुन्हा काही सुरू झाल्यावर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले. आता लिलावानंतर काही खाणी सुरू झाल्या आहेत. तिथे जायचे, तर कंपनीची लेखी परवानगी, सुरक्षा प्रशिक्षण आणि हेल्मेट यांशिवाय आत पाऊल टाकू नये. बंद खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे तर लांबूनच पाहावेत.

रानात आणि नोंदवहीत

मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतिगाव आणि बोंडला ही अभयारण्ये नकाशावर भूविज्ञानाच्या दृष्टीने फार मोहक दिसतात, पण तिथला खडक फोडायला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. कुशावतीच्या काठी पाणसायमळ येथे जांभ्यावर कोरलेली चित्रे आहेत. तिथे हातोडी पिशवीतच राहू द्यावी, आणि छायाचित्र नीट यावे म्हणून रेषांवर खडूही ओढू नये. खासगी जमिनीत शिरताना भाटकाराला (जमीनमालकाला) किंवा तिथे राहणाऱ्या माणसाला आधी विचारावे. विहिरी मोजताना हे अधिकच पाळावे लागते. अनोळखी मुलगा विहिरीत टेप सोडताना दिसला, तर वाड्यावर लगेच चर्चा सुरू होते, आणि पंचायतीचे साधे पत्र खिशात असले तर तीच चर्चा चहापर्यंत पोहोचते. एकट्याने जाऊ नये. मेमध्ये सकाळी साडेसहाला निघून अकराच्या आत परतावे, कारण जांभ्याचा उघडा सडा दुपारी तव्यासारखा तापतो.

नोंदवही पुठ्ठ्याची, शिवलेली आणि पानांना आधीच क्रमांक घातलेली असावी. प्रत्येक ठिकाणी तारीख, वेळ, जागा, हवामान आणि सोबत कोण होते, ही पहिली ओळ. मग जे दिसले ते, आणि त्याखाली वेगळ्या परिच्छेदात त्याचा आपण लावलेला अर्थ. उदाहरणार्थ : ‘दोनापावला, जेटीच्या दक्षिणेस. काळसर करडा खडक, कण भिंगाखाली दिसतात, पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरा दोन ते पाच सें.मी. जाड. शिरा थरांना तिरप्या कापतात.’ इथे निरीक्षण संपले. ‘शिरा थरांनंतर आल्या असाव्यात’ हा अर्थ. ही दोन वाक्ये एकत्र लिहिणारे विद्यार्थी नंतर आपण काय पाहिले होते आणि काय मानले होते, हे स्वतःच विसरतात. चुकलेले माप खोडरबराने पुसू नये, एक आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहावे. लोहखनिजाच्या पट्ट्यात ब्रंटन कंपास (थरांची दिशा आणि उतार मोजणारे होकायंत्र) वापरताना सूची भरकटण्याची शक्यता असते, कारण मॅग्नेटाइट असलेला खडक तिला ओढतो. तिथे त्याच थराचे माप चार पावले मागे येऊन पुन्हा घ्यावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवावीत.

संगणकावरचे काम पावसाळ्यासाठी राखून ठेवावे. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर नोंदणी करून गोव्याचे भूवैज्ञानिक नकाशे उतरवता येतात, आणि लँडसॅटची १९७२ पासूनची उपग्रहचित्रेही फुकट मिळतात. आपल्या मोजमापांचे बिंदू त्या नकाशांवर बसवले, की अहवालातले पहिले चित्र तयार होते. अहवाल दहा-बारा पानांपेक्षा मोठा नसावा, आणि त्यात सगळी मूळ मापे तक्त्यात द्यावीत. सरासरीवर भागवू नये.

ज्यांनी विहिरी मोजू दिल्या, त्यांना त्यांच्या विहिरीचे आकडे मराठीत किंवा कोकणीत लिहिलेले एक पान नेऊन द्यावे, आणि प्रयोगशाळेतील नमुने मार्गदर्शकांच्या यादीप्रमाणे मोजून परत करावेत. मेमधील पाण्याच्या पातळीला अर्थ येतो तो पावसानंतरच्या मोजणीने. ती नोव्हेंबरमध्ये करावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी सत्रपरीक्षा असते. तेव्हा त्या दहा-बारा विहिरींची फेरी कोणत्या रविवारी करायची, हे जूनमध्येच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि टेप सोडायला सोबत कोण येणार, तेही ठरवून घ्यावे.